मास्तरांच्या पोटातली चरबी

मी बोलतेय, पण तुम्हाला माझा आवाज ऐकू यायचा नाही. मी शर्टाच्या आत, कातडीच्या आत आणि पोटाच्या स्नायूंच्याही आत बसले आहे. आतड्यांना गुंडाळून, यकृताला खेटून. मी एका शिंप्याच्या पोटातली चरबी आहे. नाव ऐकून तुम्ही नाक मुरडलंत ना? असू दे, मला सवय आहे.

सुरुवातीलाच कबूल करते की माझा स्वभाव मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की मला आतून काहीतरी टोचतं. त्यापायी माझ्या धन्याचे डोळे जाता जाता राहिले. म्हणून हे सगळं सांगावंसं वाटलं.

माझा धनी म्हणजे मास्तर. त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणूनच ओळखते. मी त्यांच्याबरोबरच जन्मले. तेव्हा मी अगदी पातळ होते, कोटाच्या आतलं अस्तर असतं ना, तशी. माझं काम सोपं होतं. खाल्लेल्यातलं जे उरेल ते जपून ठेवायचं आणि अडीअडचणीला परत द्यायचं.

ते मी चोख केलं. मास्तर एकोणीस वर्षांचे असताना तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते. घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं. त्या तीन आठवड्यांत मी होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं, अगदी दोऱ्यासारखी बारीक झाले. ते बरे झाल्यावर लोक काय म्हणाले? "पोराची अंगकाठी मुळातच चिवट." डॉक्टरचे आभार मानले, आईच्या सेवेचं कौतुक झालं. माझं नाव कुणी काढलं नाही. माझ्या मनात पहिली गाठ तेव्हा बसली.

मला एक बहीण आहे. ती मांड्यांवर आणि कमरेच्या मागे, कातडीच्या लगेच खाली राहते. शांत, गुबगुबीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्याविषयी सगळे चांगलंच बोलतात. बसायला गादी होते, थंडीत ऊब देते, कुणाला त्रास देत नाही. एकाच घरातल्या दोघी आम्ही, पण ती गुणी आणि मी डोळ्यांत खुपणारी. तिचा मला हेवा वाटायचा.

पण खरा हेवा वाटायचा तो इन्शुलिनचा.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक लांबट अवयव आहे. इन्शुलिन तिथून निघतं. जेवण झालं की रक्तात साखर येते. मग इन्शुलिन प्रत्येक पेशीच्या दारावर टकटक करतं, दार उघडतं आणि साखर आत जाते. बस, एवढंच काम. पण त्याचा रुबाब काय सांगू. स्नायू त्याच्या शब्दाबाहेर नाहीत, यकृत त्याला मान देतं. जिकडे जाईल तिकडे दारं उघडी.

लोकांना वाटतं मी म्हणजे नुसती भरलेली गोणी. तसं नाही. मलाही बोलता येतं. माझ्या पेशी संप्रेरकं बनवतात आणि रक्तातून दूरवर निरोप धाडतात. त्यातला एक निरोप म्हणजे लेप्टिन. तो मेंदूकडे जातो आणि सांगतो, साठा पुरेसा आहे, आता ताटावरून उठा. दुसऱ्याचं नाव अॅडिपोनेक्टिन. तो स्नायूंकडे आणि यकृताकडे जाऊन सांगतो की इन्शुलिन आलं तर त्याचं नीट ऐका.

आलं का लक्षात? इन्शुलिनला जो मान मिळत होता, त्यात माझ्या शिफारशीचा वाटा होता. शिफारस करायची मी आणि मिरवायचं त्याने.

तरी बरीच वर्षं मी ते निभावलं. मास्तरांचं लग्न झालं. वडिलांच्या दुकानात ते कटिंग करायला लागले. दुकान लहानसंच आहे. दारापाशी काचेचं कपाट, मध्ये कापड बेतायचं उंच टेबल, भिंतीला लागून दोन मशीन. एकावर मास्तर बसतात, दुसऱ्यावर त्यांची बायको. कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा केली आहे. खिडकीजवळ लाकडी खुर्चीत त्यांचे वडील, अप्पा, बसतात.

अप्पा एके काळी या भागातले नावाजलेले कटर होते. मग त्यांना साखरेचा आजार झाला. बरीच वर्षं तो कळलाच नाही आणि कळला तेव्हा डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचला होता. हळूहळू दिसेनासं झालं. एक दिवस त्यांनी आपली कात्री मुलाच्या हातात दिली आणि स्वतः खिडकीजवळ जाऊन बसले. आता ते बोटांनी चाचपून बटणं लावतात आणि ती डोळसांनी लावलेल्या बटणांपेक्षा सरळ असतात. मास्तरांच्या मनात तेव्हापासून एकच भीती घर करून आहे. आपलंही असंच झालं तर? पण भीती वाटते म्हणून माणूस तपासायला जातोच असं नाही. मास्तर तर भीती वाटते म्हणूनच जात नव्हते.

ते दिवसाचे दहा दहा तास मशीनवर बसायचे. समोर बेकरी आहे. बेकरीवाला त्यांचा दोस्त. अकरा वाजता आणि चार वाजता तो स्वतः गोड पाव घेऊन यायचा आणि चहात साखर तीन चमचे. त्यातलं थोडं खर्ची पडायचं आणि उरलेलं सगळं माझ्याकडे यायचं.

मी फुगत गेले. माझी एकेक पेशी एवढी ठासून भरली की तिला श्वास घेता येईना. काही पेशी फुटल्या. मग पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी धावत आल्या आणि इथेच मुक्काम ठोकून बसल्या. माझ्या अंगाचा दाह होऊ लागला. कोंदट खोलीत दहा पाहुणे कोंबले तर घरधनीण जशी चिडचिडी होते, तशी मी झाले.

चिडल्यावर माझी भाषा बदलली. इन्शुलिनची शिफारस करणारे निरोप मी कमी कमी करत नेले. उलट कागाळ्या धाडायला लागले. माझ्यातून झिरपणारी चरबी थेट शेजारच्या यकृतात जाऊन साचायला लागली. या सगळ्याने स्नायूंच्या आणि यकृताच्या दारांची कुलपं अडकायला लागली. इन्शुलिन टकटक करायचं, पण दार उघडायचं नाही. पुन्हा टकटक, पुन्हा तेच.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. एवढा मान मिरवणारा दारोदार ताटकळत उभा आहे, हे बघून मी सुखावले.

एक गोष्ट मात्र माझ्यावरच उलटली. साठा वाढला तसे माझे लेप्टिनचे निरोपही वाढले. पुरे, पुरे, पुरे. दिवसरात्र तेच. एखादी बाई सारखीच ओरडत असेल तर घरातले जसे ऐकेनासे होतात, तसं मेंदूने माझ्याकडे लक्ष देणंच सोडलं. ताट संपलं तरी मास्तरांना पोट भरल्यासारखं वाटेना. म्हणजे इन्शुलिनचं कुणी ऐकेना आणि माझंही. फरक एवढाच की त्याच्या मदतीला स्वादुपिंड आणखी आणखी इन्शुलिन पाठवत होतं. माझ्या मदतीला कोण येणार?

आता तुम्ही विचाराल, एवढं पोट सुटलं ते मास्तरांना कळलं कसं नाही? दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. पँट घट्ट झाली की माणूस आरशात बघतो. पण मास्तर पडले शिंपी. पँट शिवताना ते कमरेच्या मागच्या शिलाईत चार बोटं जास्तीचं कापड दाबून ठेवायचे. कंबर थोडी आवळली की दुपारी मशीनवर बसल्या बसल्या ती टीप उसवायची आणि थोडी पुढे नवी घालायची. पाच मिनिटांचं काम. हात आपोआप करायचे, मनाला पत्ताही नसायचा. त्यामुळे त्यांना त्यांची पँट कधी घट्ट झालीच नाही. हजारो लोकांची मापं घेणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांत स्वतःच्या कमरेला एकदाही टेप लावली नव्हती.

दुसरी खूण मानेवर उमटली. मानेच्या मागे कातडी काळवंडली, मखमलीसारखी जाड झाली.

"अहो, मान घासत नाही का तुम्ही?" एकदा त्यांच्या बायकोने विचारलं.

"रोज घासतो. टेपचा रंग लागतो गं तो. दिवसभर गळ्यात असते ना."

"मग टेप धुवा तरी."

"नवीनच आणतो."

त्यांनी पिवळी टेप टाकून पांढरी आणली. मान काळीच राहिली. मग त्यांनी तिसरी आणली. मी आत हसत होते. रक्तात इन्शुलिन फार झालं की मान अशी काळी पडते. म्हणजे त्या इन्शुलिनची फजिती आता बाहेरूनही दिसत होती. शिंपी मात्र टेपला दोष देत बसला होता.

मग तो कोटाचा दिवस आला.

पलीकडच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका एक कापड घेऊन आल्या. राखाडी लोकरीचं, जुनं, पण घडीही न मोडलेलं. "यांनी माझ्यासाठी घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "शिवायचं राहून गेलं. आता ते नाहीत. तुम्हीच शिवा, मास्तर."

मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघा मारल्या. बाहीला दोन रेघा असतात. आतली शिवायची, बाहेरची कापायची. त्या आठवड्यात त्यांना मधूनच धूसर दिसायचं. कधी लांबचं, कधी जवळचं. कात्री चालली आणि चालतच राहिली. दोन्ही बाह्या कापून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आतल्या रेघेवरून कापलं आहे, शिलाईला कापडच उरलेलं नाही.

कात्री खाली ठेवल्याचा आवाज अप्पांनी ऐकला.

"काय झालं?"

"काही नाही, अप्पा. उजेड कमी पडतोय. हा बल्ब बदलायला हवा."

अप्पांनी हातातलं बटण खाली ठेवलं. मग म्हणाले, "मीही आधी बल्बच बदलला होता."

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण माझ्या वरच त्यांचं काळीज आहे. ते कसं धडधडलं ते मला चांगलं कळलं.

तीन दिवसांनी मास्तरांच्या पँटचं बटण तुटलं. बायकोने ती पँट अप्पांच्या मांडीवर ठेवली. अप्पांनी बटण लावलं, गाठ मारली आणि सवयीप्रमाणे सगळ्या पँटवरून बोटं फिरवली. मागच्या शिलाईपाशी बोटं थांबली. शिलाई उसवली तरी सुईची भोकं कापडात राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण अप्पांच्या बोटांना लागतात.

"ही कुणाची गं, सूनबाई?"

"यांचीच."

"मशीन थांबव जरा." अप्पांनी मुलाकडे तोंड वळवलं. "ही चार वेळा सोडलीस तू."

"थोडी सैल केली. बसून काम असतं, अप्पा."

"गिऱ्हाइकाची दुसऱ्यांदा सोडायला आली तर काय म्हणतोस त्याला?"

मास्तर सुईत दोरा ओवायला लागले.

"म्हण की."

"म्हणतो, साहेब, आता नवीन माप घेऊ."

"मग ये इकडे. घेतो मी."

मास्तर वडिलांसमोर जाऊन उभे राहिले. अप्पांनी टेप मागितली नाही, नुसत्या वितीने त्यांचं पोट मोजायला सुरुवात केली. तो सुरकुतलेला हात माझ्यावरून फिरत होता आणि मला पहिल्यांदा लपावंसं वाटलं. पाचव्या वितीला अप्पांनी हात काढून घेतला.

"उद्या उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायला. सूनबाई, तू बरोबर जा. एकटा गेला तर हा रस्त्यातूनच परत येईल."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर उचलून नेला असता."

डॉक्टरबाईंनी कमरेला टेप लावली, रक्तदाब पाहिला, रक्ताचे कागद चाळले. मग शांतपणे म्हणाल्या, "कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी ही चारही जास्त आहेत. चांगलं कोलेस्टेरॉल तेवढं ठीक आहे. या पाचांपैकी तीन बिघडली तरी आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. तुमची चार आहेत. आणि साखर तर आता मधुमेहाच्या उंबऱ्याच्या आत आली आहे."

"डोळे?" मास्तरांनी एवढंच विचारलं.

"साखर वरखाली होते म्हणून धूसर दिसतं. ते सुधारतं. पण पडदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि दर वर्षी घेत राहा."

"म्हणजे यांचं इन्शुलिन संपलं का?" बायकोने विचारलं.

"नाही हो, उलट सध्या भरपूर आहे. फक्त शरीर त्याचं ऐकत नाही. ऐकू देत नाही ती पोटातली चरबी. नुसती साठून राहिली असती तर एवढं नव्हतं, पण ती सतत काही ना काही रक्तात सोडत असते. आणि हा मानेवरचा डाग."

"टेपचा," मास्तर पुटपुटले.

"टेपचा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. बायकोने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते खुर्चीत आणखी खाली सरकले.

बघा, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं. मी नुसती गोणी नाही, मी बोलते, हे ओळखलं. आणि तेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून. इन्शुलिन बिचारं ठरलं आणि मी खलनायिका. माझा नुसता जळफळाट झाला. मग दाराबाहेर आल्यावर मास्तर भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "मला खिडकीजवळ नाही बसायचं गं." ते ऐकलं आणि माझा जळफळाट विझला. मी कुणाचं वाटोळं करायला निघाले होते, ते तेव्हा कळलं.

तरी मी सहजासहजी हरले नाही. स्वभाव कुठे जातो? चहातली साखर गेली, गोड पाव बंद झाला, सकाळी तास तास चालणं सुरू झालं. मी आटायला लागले आणि आटताना मेंदूकडे भुकेची ओरड धाडली. पहिले दोन महिने मास्तर चिडके झाले होते. बेकरीवाला दारात येऊन म्हणायचा, "मास्तर, माझं काही चुकलं का?" मास्तर म्हणायचे, "तू लांबूनच बोल बाबा, तुझ्या शर्टालासुद्धा वास येतो." मग बेकरीवालाच एक दिवस म्हणाला की मीही येतो चालायला, माझंही पोट काय कमी आहे. त्या दोघांच्या चालायच्या बुटांचा मला किती राग यायचा, विचारू नका.

मुख्याध्यापिकाबाईंना मास्तरांनी खरं काय ते सांगितलं. बल्बचं नाव घेतलं नाही. बाई कापडावरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "बिनबाह्यांचं जाकीट होईल का?" ते झालं. मास्तरांनी इतकं सुबक जाकीट आजवर शिवलं नव्हतं.

जसजशी मी आटत गेले, तसतशी मलाही हवा मिळायला लागली. पहारेकरी उठून गेले. दाह निवला. शिफारशीचे निरोप पुन्हा निघायला लागले, कुलपं सैल झाली. इन्शुलिनला आता पूर्वीइतकं दारोदार फिरावं लागत नाही. डॉक्टरबाईंनी दिलेली गोळी अजून चालू आहे, सगळं काही पहिल्यासारखं झालेलं नाही. पण लोक म्हणतात, औषधाने केलं, डॉक्टरबाईंनी केलं, बायकोने केलं. यात माझाही हातभार होता, असं कोण म्हणणार? जाऊ दे.

सांगितल्याप्रमाणे वर्षभराने मास्तर डोळे दुसऱ्यांदा तपासून आले. अप्पा खिडकीजवळ एका शर्टाला बटण लावत होते.

"अप्पा, पडदा स्वच्छ आहे. जवळचा चष्मा लागलाय, तो वयाचा, म्हणाले."

"चांगलं झालं," अप्पा म्हणाले आणि सुई कापडातून ओढली. मग हात थांबवून म्हणाले, "एक सांगू? आत्ता मला तुझा हेवा वाटला. बापाला वाटू नये, पण वाटला. मला कुणी वेळेवर पँट दाखवली नाही."

 मास्तर जाऊन वडिलांच्या शेजारी खाली बसले. सूनबाईंनी मशीन थांबवलं नाही, फक्त हळू केलं.

 मी आयुष्यभर ज्याच्यात जळत राहिले, ते या म्हाताऱ्याने एका वाक्यात बोलून टाकलं आणि पुन्हा बटण लावायला घेतलं. तसं बोलून टाकता आलं असतं तर मी एवढी फुगलेच नसते, असं मला वाटून गेलं.

आता माझी विनंती ऐका. मला मुळापासून संपवू नका, माझ्याशिवाय तुमचं चालायचं नाही. पण मला कोंबू नका. कंबर अधूनमधून मोजा आणि ती दुसऱ्याकडून मोजून घ्या, कारण माणूस स्वतःच्या मापाशी प्रामाणिक नसतो. घरात एकाला हा आजार झाला असेल तर बाकीच्यांनी वाट बघत बसू नका.

सध्या मी पातळ झाले आहे. अगदी अस्तराएवढी नाही, पण मास्तर आणि मी, दोघांनाही वाकता येतं. आता संध्याकाळ झाली आहे. मास्तर चालायला निघाले तेव्हा अप्पा खुर्चीतून म्हणाले, "मलाही ने." म्हणून आज आम्ही सावकाश चाललो आहोत. अप्पांचा हात मुलाच्या खांद्यावर आहे. त्यांच्या शर्टाच्या आतही माझ्यासारखीच एक आहे, माझ्याहून कितीतरी म्हातारी. तिची तक्रार कधी कुणी ऐकली नाही. मी कान देऊन चालले आहे, पण अजून मला तिचं काही ऐकू येत नाही.